वही तपासणें आणि वही वाचणें

परीक्षा आटोपून उत्तरपत्रिका घरीं आल्या म्हणजे आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांची नजर त्यांवरून फिरते. पण ती शोधीत असते एकच गोष्ट. कोपऱ्यांतला तांबड्या शाईचा आंकडा दिसला कीं कागद बाजूस पडतो. शाळेंतही याहून फारसें निराळें घडत नाहीं. पन्नास वह्यांचा गठ्ठा पुढें घेऊन बसलेल्या शिक्षकास बरोबर कीं चूक एवढें ठरविण्यापुरताच अवसर असतो, आणि त्याबद्दल त्यास बोल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वही तपासणें निराळें आणि वाचणें निराळें, याकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

समजा, ५०३ मधून २६७ वजा करावयाचे आहेत व मुलानें उत्तर लिहिलें ३६४. खरें उत्तर २३६. तेव्हां फुली मारून पुढें जाणें सोपें. पण तोच कागद चार शिक्षकांनीं मिळून सावकाश पाहिला तर काय दिसतें? पांचांतून दोन गेले, राहिले तीन. शून्यांतून सहा जात नाहींत, म्हणून सहांतून शून्य. तिनांतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून तीन. मुलगा बेफिकीर नाहीं. प्रत्येक स्थानीं मोठ्या आंकड्यांतून लहान आंकडा वजा करावा, हा नियम त्यानें इमानेंइतबारें पाळला आहे. 'लहानांतून मोठें जात नाहीं,' हें वाक्य त्याच्या कानांवर कोणी घातलें, हा प्रश्न निघाला कीं चौघेही शिक्षक एकमेकांकडे पाहूं लागतील! वजाबाकींतल्या पुष्कळ चुका अशा नियमबद्ध असतात, हें ब्राउन व बर्टन या अमेरिकन संशोधकांनीं १९७८ सालीं दाखवून दिलें.

मराठी मुलांचें आणखी एक निराळेंच. 'पंचवीस' ऐकून कांहीं मुलें ५२ लिहितात, कारण कानीं पांच आधीं पडतो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'वीस पांच' असें वाचन सुचविलें गेलें, तेव्हां भाषेच्या अभिमानाचा वाद केवढा माजला! ते ५२ ज्या वहींत लिहिलें जातें ती वही उघडून पाहणारे मात्र थोडे.

असें एकत्र वाचन अमेरिकेंत पद्धतशीर झालेलें आहे. व्हरमाँट राज्यांत नॉर्थ बेनिंग्टन येथें १९६५ सालीं निघालेल्या व १९९१ सालीं बंद झालेल्या प्रॉस्पेक्ट शाळेंत पॅट्रिशिया कॅरिनी व त्यांचे सहकारी मुलांचीं चित्रें व लेखन जपून ठेवीत आणि एकत्र बसून त्यांचें केवळ वर्णन करीत. पुढें १९८८ सालीं हार्वर्डच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संस्थेंत स्टीव्ह सायडेल यांनीं अशा बैठकीची एक रीतच बसविली. जो शिक्षक काम आणतो त्यानें मुलाची हकीकत प्रारंभीं सांगावयाची नाहीं, मुकाट बसावयाचें. इतरांनीं कागदावर काय दिसतें तेवढेंच सांगावयाचें. चांगलें-वाईट म्हणावयाचें नाहीं. कोणी निर्णय देऊन बसलाच, तर 'हें कशावरून म्हणतां? कागदावर दाखवा,' असें विचारलें जातें. मग प्रश्न, मग हें मूल काय साधूं पाहत असावें याचा तर्क. आणि त्यानंतरच त्या शिक्षकाची पाळी. शेवटीं आपण उद्यां काय व कसें शिकवावें, याचा विचार सर्वांनीं मिळून करावयाचा.

गप्प बसणें शिक्षकास किती जड जातें, हें त्याच्या घरच्यांस विचारावें. पण आमच्या मतें या रीतीचें सारें मर्म त्या मौनांतच आहे. 'हा मुलगा मूळचाच मंद' असें प्रथमच कोणी म्हटलें कीं वही कोणास दिसेनाशी होते, मुलाच्या कपाळीं तो शिक्का बसतो, आणि आपल्या शिकविण्यांत कांहीं कमी होतें काय, हा प्रश्न निघण्यापूर्वींच मिटतो.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचीं केंद्रें आहेत व केंद्रांतील शिक्षकांची शिक्षण परिषदही भरते. तेथें तीन वह्यांस अर्धा तास मिळाला तरी पुरे. मात्र एक पथ्य अवश्य पाळावें : अशा बैठकीवरून वरिष्ठांनीं शिक्षकाची परीक्षा घेऊं नये. तसें झालें कीं जो तो वर्गांतल्या सर्वांत हुशार मुलीची सुबक वही घेऊन येईल, आणि ३६४ लिहिणारा मुलगा पुन्हां मागच्या बाकावर राहील.

घरीं वही आली म्हणजे वडील मंडळींनींही गुणांकडे नंतर पाहावें. चुकलेल्या उदाहरणावर बोट ठेवून 'हें कसें केलेंस, सांग पाहूं' एवढेंच विचारावें, आणि मूल सांगत असतां मध्यें बोलूं नये. तें जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून शिक्षकांकडे पाठवावें. गुण वाढवून मागण्यासाठीं नव्हे, त्यांच्या पुढच्या पाठास उपयोग व्हावा म्हणून.