राबाची माती तपासायला देऊ नका



भाताची कापणी झाली, खाचरे मोकळी झाली, की मातीचा नमुना काढायला ही वेळ चांगली. तलासरीकडील झरी असो की डहाणूकडचे एखादे गाव, एक चूक मात्र सांभाळा. घराजवळ पडते म्हणून राबाच्या तुकड्यातलीच माती उचलू नका. तिथे आपण वर्षानुवर्षे शेण, गवत, पालापाचोळा पसरून भाजतो. त्या राखेतून स्फुरद आणि पालाश तिथे साठते. मग अहवालात स्फुरद ‘भरपूर’ येते, आपण खताला हात आखडतो आणि खालच्या खाचरात भाताला फुटवे कमी येतात. दोष मात्र प्रयोगशाळेला!

खाचरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. बांध आणि उकिरड्याची जागा टाळा. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. असे करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी मुळीच नको. तिला चिकटलेले चिमूटभर डीएपीसुद्धा सारा हिशेब बिघडवते.

प्रयोगशाळा मातीतले सगळे स्फुरद मोजत नाही. पिकाला मिळू शकेल तेवढेच द्रावणाने काढून घेते आणि निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजते. आम्लधर्मी मातीला ब्रे यांची १९४५ ची पद्धत, इतर मातीला ओल्सन यांची १९५४ ची. म्हणून अहवालात आधी सामू पाहावा, मग पद्धत.

आणखी एक मेख आहे. आकडा नुसत्या स्फुरदाचा की पी-टू-ओ-फाइव्हचा, हे विचारून घ्या. हेक्टरी १० किलो स्फुरद म्हणजेच सुमारे २३ किलो पी-टू-ओ-फाइव्ह. ओल्सन पद्धतीने स्फुरद १० च्या खाली आले तर ते कमी समजतात. खताच्या गोणीवरचा आकडा पी-टू-ओ-फाइव्हचा असतो. ५० किलो डीएपीत ते २३ किलो, सुपर फॉस्फेटमध्ये ८ किलो.

अहवालात स्फुरद कमी असूनही भात बरा आला, तर नवल मानू नका. पाणी तुंबलेल्या खाचरात लोहाशी बांधलेले स्फुरद काही प्रमाणात सुटे होते. पाणी ओसरले की ते पुन्हा अडकते. म्हणून भातामागे ओलीवर वाल टाकणार असाल, तर त्याच्या स्फुरदाचा विचार वेगळा करा. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात अहवाल घेऊन जाल, तेव्हा वालाचेही विचारून या.