विराथूबद्दल आपण गप्प का?

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसे मेली. इथे गिरीजमध्ये आमच्या शेजारची ख्रिस्ती कुटुंबे सणाच्या दिवशी टीव्हीसमोर सुन्न बसली होती. आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र रात्रीपर्यंत निकालही लागला होता : इस्लाम म्हणजेच दहशतवाद.

तीन आठवड्यांनी त्याच श्रीलंकेत जमावांनी मुसलमानांची घरे, दुकाने, मशिदी फोडल्या. जमावात प्रामुख्याने सिंहली बौद्ध होते. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छांचे बॅनर फिरत होते. एक मीही टाकला होता. बाकी शांतता.

मित्रांनो, हा लेख त्या शांततेबद्दल आहे.

२००१ मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएसने आपल्याच नालासोपाऱ्यातल्या एका घरातून गावठी बॉम्ब जप्त केले, तेव्हा आपण हिंदुत्ववाद्यांना जाब विचारला. बरोबरच केले. वसईवर पोर्तुगिजांचे राज्य असताना गोव्यातून चाललेल्या इन्क्विझिशनचा दाखला आपण ख्रिस्ती मित्रांना देतो. पण म्यानमारचा भिक्खू विराथू? अंगावर चीवर घालून त्याने वर्षानुवर्षे मुसलमानांविरुद्ध विष ओकले. २०१७ च्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. यावर आपण किती सभा घेतल्या? किती पोस्ट लिहिल्या?

विचारले की उत्तर तयार असते, "ते खरे बौद्धच नाहीत. आपले नवयान वेगळे." वा! हिंदू मित्र म्हणाला, "बॉम्ब ठेवणारा खरा हिंदू नाही," तर आपण त्याला हसतो. तेच वाक्य आपल्या तोंडी आले की ते तत्त्वज्ञान कसे होते? आणि सोयीपुरते वेगळे होता येत नाही. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे आराकानचे. आज त्याच भागाला राखाइन म्हणतात, आणि रोहिंग्यांना तिथूनच हाकलले गेले. दीक्षा घेताना ते आपले, आणि गावे जळताना परके?

दुसरा आक्षेप : "असे जाहीर बोललो तर मनुवाद्यांच्या हातात कोलीत मिळेल." मग बाबासाहेबांचे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी भिक्खूला प्रश्न विचारला आहे : तो फक्त स्वतःपुरता परिपूर्ण माणूस आहे की समाजाचा सेवक? तो पहिल्या प्रकारचा असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असेही सांगितले. ज्या संघाच्या वाटेवर आपल्याला न्यायचे होते, त्याचीच त्यांनी तपासणी केली. २००० साली पोपनी चर्चच्या चुकांबद्दल जाहीर क्षमा मागितली, तेव्हा ख्रिस्ती धर्म बुडाला नाही.

हिंसा कुणीही केली तरी हिंसाच. विराथूचे नाव घेतल्याने नालासोपाऱ्याचे बॉम्ब माफ होत नाहीत. पण आपले माप एकच असेल तरच आपला प्रश्न समोरच्याला टोचेल. नाहीतर तो एवढेच म्हणेल, "आधी तुमचे बघा." आणि त्याचे चुकणार नाही.

नागपूरची दीक्षा झाली त्याच १९५६ साली आपल्या शेजारच्या भुईगावात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच अशोकाचा बारावा शिलालेख सांगतो की, स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. सोपाऱ्याच्या स्तूपासमोर आपण सेल्फी काढतो, भाषणात 'अशोकाचा वारसा' म्हणतो. तो वारसा एवढा तरी पाळू.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास रोहिंग्यांवर बोलू. मी सुरुवात करतो. वाद घालायला जरूर या.

जय भीम!