ओळख पुसून एकजूट होत नसते

निवडणूक जवळ आली की एक उपदेश हमखास ऐकू येतो : जात, समाज, प्रदेश बाजूला ठेवा, आघाडी कार्यक्रमावर करा, ओळखीवर नको. यामागे दोन आक्षेप असतात. ओळखीचे राजकारण माणसे तोडते, हा पहिला. ते शेवटी पुढाऱ्यांच्या पदरात चार जागा टाकून संपते, हा दुसरा. पहिला आक्षेप मला साफ अमान्य आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण त्याचे निदान चुकले आहे.

पहिल्या आक्षेपाला कोकणातल्या खोतीने केव्हाच उत्तर दिले आहे. कुळाने राबायचे, पीक आले की गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताने वाटा उचलायचा आणि वर वेठही घ्यायची, अशी ती पद्धत. तिच्याखाली कुणबी, आगरी, महार सगळेच भरडले जात होते. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. शेते ओसाड ठेवून, लाकूडफाटा विकून त्यांनी वर्षानुवर्षे तग धरला. संप चालू असतानाच १९३६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही, पण मागणी मेली नाही. १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. स्वतंत्र मजूर पक्षात अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण कार्यकर्ते होते. महारांनी महारपण विसरावे, आगऱ्यांनी आगरीपण सोडावे, अशी अट कोणी घातली नव्हती. प्रत्येक जण आपापले दुखणे घेऊन आला आणि सर्वांच्या दुखण्याचे मूळ एकच निघाले.

उलट बाजूही पाहू. ब्रिटिश सरकारने भारताच्या भावी राज्यघटनेसाठी मांडलेल्या १९४२ च्या क्रिप्स योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. वाटाघाटीच्या मेजावर आपले नाव असावे म्हणून ते गरजेचेच होते. पण १९४६ च्या निवडणुकीत मित्रांवाचून फेडरेशनचा दारुण पराभव झाला. १९५२ मध्ये समाजवाद्यांशी युती होती, तरी खुद्द बाबासाहेब मुंबईत हरले. १९५७ मध्ये मात्र तेच फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक होते आणि फेडरेशनचे नेते दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. फरक कशाने पडला? समितीतही जागावाटप झालेच, पण त्याआधी रस्त्यावरचे आंदोलन होते आणि सर्वांनी मिळून केलेली मराठी भाषकांच्या राज्याची एक मागणी होती. फेडरेशनने आपले नाव मात्र पुसले नव्हते.

आता दुसरा आक्षेप. फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले झाली, हे कोण नाकारील? समाज तोच, निळा झेंडा तोच, पण गट अनेक. प्रत्येक गटाने वेगळी बोलणी केली आणि प्रत्येकाचे वजन घटले. मात्र हा दोष ओळखीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. याच पक्षाने १९६४-६५ मध्ये दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह केला, तेव्हा पडीक जमिनीची त्याची मागणी एका जातीपुरती नव्हती. मागणी होती तोवर ओळखीला धार होती. मागणी सुटली आणि पुढाऱ्याची जागा हाच सौदा उरला, तेव्हा ती बोथट झाली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ओळख सोडा, हा सल्ला नेहमी दुबळ्यालाच दिला जातो. ज्याची जात कारखान्यात, बँकेत, पक्षाच्या कार्यकारिणीत आधीच बसलेली असते, त्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. तिलाच ‘सर्वसाधारण’ म्हणण्याची रीत आहे. अशा मेजावर दुबळ्याने निनावी बसायचे, म्हणजे न बोलता उठायचे.

म्हणून आघाडी करणाऱ्या प्रत्येक समूहाने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आपल्या नावाने यावे. मागणी लेखी आणि उघड ठेवावी, ती इतरांच्या कोणत्या हिताशी जुळते हेही सांगावे. आणि सत्ता आल्यावर हिशेब पुढाऱ्याच्या खुर्चीचा नव्हे, त्या मागणीचा मागावा. एवढे केले तर ओळख ही फुटीची रेघ राहत नाही. तीच एकजुटीचा पाया होते.