पोटाची तार आणि तारतम्य

सणाची पंगत असो की रविवारची मिसळ, एका क्षणी ‘आता एक घासही नको’ असे वाटते. खाल्लेले अन्न तोवर पचलेलेही नसते. मग पोट भरल्याचे मेंदूला कोण कळवते? जठराची भिंत ताणली गेली की तिच्यातील संवेदक जागे होतात आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून सूक्ष्म विद्युत स्पंदने मेंदूकडे धावतात. तडस लागण्याआधी मिळणारी ही सूचना असते.

ती प्रथम नेमकेपणाने टिपणाऱ्यांत एक भारतीय होते. डॉ. अवतार सिंग पेंटल यांनी मांजरांच्या व्हेगसमधील एकेका तंतूतील स्पंदने नोंदवली. जठर फुगवले की ती वाढतात आणि तृप्तीशी त्यांचा संबंध असावा, असे त्यांनी 1954 च्या शोधनिबंधात मांडले. पुढे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले.

दुसरी पद्धत आहे विद्युत अवरोध मोजण्याची. जठराच्या भिंतीवर इलेक्ट्रोड बसवून अतिशय क्षीण प्रवाह सोडतात. भिंत ताणली, पातळ झाली, इलेक्ट्रोडमधले अंतर वाढले की प्रवाहाला होणारा अडथळा बदलतो. त्यावरून ताणाचा अंदाज बांधता येतो. हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर रक्ताभिसरण तपासणारे उपकरण विकसित केले आहे.

लठ्ठपणा, मधुमेहात मंदावणारे जठर, अकारण वाटणारी पोटफुगी या तक्रारींमागचे कारण समजून घ्यायचे तर ही मोजमापे हवीतच. एकदा इलेक्ट्रोड बसवले की जाग्या प्राण्यात पुन:पुन्हा नोंदी घेता येतात, त्यामुळे कमी प्राणी लागतात, हाही फायदा. पण म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उंदरावर तारा जोडणे समर्थनीय ठरत नाही. उंदराला उलटी करता येत नाही आणि त्याच्या जठराचा एक भाग माणसात नसतोच. त्याच्या पोटाचा आलेख आपल्या पोटाला जसाच्या तसा लागू होत नाही. व्हेगसचे संदेश रोखून वजन घटवणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. माणसांतला परिणाम मात्र बेताचाच निघाला.

आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 पासून आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम 1998 चे आहेत. त्याच वर्षी नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. राज्यभरातील वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. म्हणून हा प्रश्न नाशिककरांना परका नाही. नैतिकता समितीची मंजुरी ही केवळ सहीशिक्क्याची बाब राहता कामा नये. हा प्रश्न प्राण्याविना सुटेल का? कमी प्राण्यांत भागेल का? त्यांच्या वेदना टाळता येतील का? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक प्रबंधाच्या आरंभी यावीत. फसलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही उघड व्हावेत. नाहीतर तोच प्रयोग दुसरा विद्यार्थी दुसऱ्या प्राण्यांवर पुन्हा करतो.

शिवाय पर्याय हाताशी आहे. माणसाच्या पोटावरील त्वचेला इलेक्ट्रोड चिकटवून जठराची लय टिपता येते. मिनिटाला सुमारे तीन लहरी, ही ती लय. अमेरिकेतील डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनी शंभर वर्षांपूर्वीच ती नोंदवली होती. ताण थेट मोजणारी ही पद्धत नव्हे. पण विद्यार्थ्यांना शिकवायला आणि अनेक रुग्णांच्या अभ्यासाला ती पुरेशी आहे.

पोटाचे चार भाग मानून त्यातला एक वायूसाठी मोकळा ठेवा, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. आज त्या सल्ल्यामागचे शरीरशास्त्र आपण तारा लावून मोजतो आहोत. मोजावेच; पण मुक्या जिवाच्या वेदनेतून मिळालेला प्रत्येक आकडा कामी लागला पाहिजे. तेवढे तारतम्य नसेल तर ती तार न जोडलेलीच बरी.