विश्लेषण : प्लायवूडची होडी कुजते कशामुळे? समुद्रामुळे की पावसामुळे?

केरळ आणि तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर पूर्वी ओंडके बांधून केलेले कट्टमरम चालत. मोठे ओंडके मिळणे अवघड झाले, तेव्हा १९८० च्या दशकात तेथे प्लायवूडच्या होड्या आल्या. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा महासंघ असलेल्या ‘सिफ्स’ने त्या बांधून गावोगाव पोहोचवल्या. होडी हलकी, वाळूवर ओढता येणारी. पण ती किती वर्षे टिकणार, हे बहुधा रंगाखाली दडलेल्या कामावर ठरते. नेमके तेच काम आधी कापले जाते.

धोका कोठून?

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही, पावसाचे मात्र चांगले मानवते. म्हणून किनाऱ्यावर उभ्या होडीच्या तळाशी साचलेले गोडे पाणी समुद्रापेक्षा अधिक घातक. ते सपाट पृष्ठातून फारसे शिरत नाही. ते शिरते कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. कडेला लाकडाच्या बारीक नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि त्या पाणी ओढून घेतात.

मरीन प्लाय पुरेसा नाही का?

नाही. ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकानुसार मरीन प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात तग धरायला हवा. म्हणजे थर सुटणार नाहीत. लाकडाला रक्षक रसायन दिलेले असते, तरी लाकूड पाणी पितेच. स्वयंपाकघरात सिंकखालचे मरीन प्लायचे दार आधी खालच्या कडेनेच फुगते, हे अनेक घरांत दिसते.

लेप कसा द्यावा?

इपॉक्सीचे किमान तीन हात, आणि आतूनही. बाहेरून चकचकीत फायबर, आत नुसता ऑइलपेंट, हा सर्वांत वाईट प्रकार. आतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. कडांना आधी इपॉक्सी पाजावी, शोषणे थांबेपर्यंत. स्क्रूचे भोक मुद्दाम मोठे पाडून, इपॉक्सीत भुकटी कालवून केलेल्या लांबीने भरावे आणि सुकल्यावर त्यातच पुन्हा छिद्र पाडावे. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. वेळखाऊ काम आहे, पण पर्याय नाही.

लेप सकाळी उन्हात दिला तर लाकडातली हवा तापून फुगते आणि बुडबुडे उठतात, म्हणून उतरत्या उन्हाची वेळ बरी. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने धुऊन मगच सँडपेपर मारावा, नाहीतर वरचा रंग सुटतो. रंग मात्र हवाच, कारण उन्हाने उघडी इपॉक्सी खराब होते.

स्वस्त पॉलिएस्टर का नको?

काचतंतूंच्या कापडावर पॉलिएस्टर रेझिन चालते, पण लाकडाला ते इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. वाळूवर घासून एकदा कवच फुटले की आत पाणी जाते आणि कापडाचा पापुद्रा सुटतो. होडी खाडीत नांगरून ठेवत असतील, तर तेथूनच लाकूड पोखरणारे किडेही शिरतात. सुरुवातीची बचत दुरुस्तीत वसूल होते.

देखरेख कोणी करायची?

ही होडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. ती कुजली तरी हप्ता थांबत नाही. रंग चढल्यावर कड भरली की नाही, हे घेणाऱ्याला कळणार कसे? म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेने रंगापूर्वी एकदा होडी पाहावी आणि त्यानंतरच पुढचा हप्ता सोडावा. हे फार मोठे मागणे नाही. कारागिराच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचाही प्रश्न नाही. घाई आणि घासाघीस दोन्हींचा भार त्याच्यावरच पडतो.

होडी वापरात आल्यावर तपासणी सोपी आहे. आतल्या तळाशी आणि मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात टोचा दाबून पाहावा. मऊ लागले तर कुजणे सुरू झाले आहे. पावसाळ्यात होडी वर ओढली की तळाचे बूच काढून ठेवावे आणि ताडपत्री घट्ट न बांधता खालून वारा जाईल अशी टाकावी.