नळदुर्गचा नर-मादी धबधबा सगळे बघतात, पण १९४८ च्या लढाईचं काय?

पावसाळा सुरू झाला की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या नळदुर्गात गाड्यांची रांग लागते. बोरी नदीवरचा बंधारा भरून वाहू लागतो, नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल आहे. वरून पाणी जातं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. गर्दी होते ती यासाठीच.

याच नदीवर १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याने निजामाच्या राज्यात मुसंडी मारली होती. सहलीला आलेल्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं?

नेमकं काय घडलं होतं?

सोलापूर तेव्हा मुंबई प्रांतात होतं, नळदुर्ग हैदराबाद संस्थानात. दोघांमधलं अंतर साधारण ४५ किलोमीटर. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजेची मुख्य तुकडी याच रस्त्याने निघाली. हैदराबादच्या सैन्याने बोरीवरचा पूल उडवला असता, तर रणगाडे अडकले असते. तो पूल शाबूत हाती आला आणि दुपारपर्यंत रणगाडे उमरग्यात पोचले.

दुसरी तुकडी तुळजापूरला गेली. तिथे निजामाचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले, मग शरण आले. पुढे लोहाऱ्याकडे जाताना मात्र नदीला पूर आला आणि सैन्य थांबलं. मराठवाड्यातला सप्टेंबर, दुसरं काय होणार!

१७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

मग अडचण कुठे आहे?

या गोष्टीला दोन बाजू आहेत आणि दोन्ही दुखऱ्या आहेत. रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याच्या माणसांच्या जाचाला कंटाळून सरहद्दीवरच्या गावांतली माणसं घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली. ही आठवण घरोघरी सांगितली जाते, आणि सांगितली जायलाच हवी.

पोलीस ॲक्शननंतर मात्र अनेक गावांत मुस्लिमांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. रझाकारांच्या अत्याचारांचा हा सूड होता, असंही समितीने नोंदवलं. हा अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आलाच नाही. २०१३ च्या सुमारास तो वाचायला खुला झाला. इथे एक लक्षात ठेवायला हवं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आजचा लातूरही होता, तो १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे तो आकडा सरसकट आजच्या धाराशिवच्या माथी मारता येत नाही.

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. शेवटच्या निजामाचं, मीर उस्मान अली खानचं नाव गेलं. नावावर भरपूर वाद झाला, सप्टेंबर १९४८ मध्ये गावागावांत काय घडलं यावर त्या मानाने फारच कमी बोललं गेलं.

पर्यटकाने काय करावं?

धबधबा बघावाच. तेरचं संग्रहालय, धाराशिवची लेणी, परंड्याचा किल्लाही बघावा. पण नळदुर्गात युद्धाची गोष्ट आदिलशाहीपाशीच थांबवायची, हे मला पटत नाही. कोलंबोहून जाफन्याला जाणारा पर्यटक तिथलं युद्ध विसरून फिरू शकत नाही, कारण ते २००९ पर्यंत चाललं. आपल्याकडे पाऊणशे वर्षं उलटली आहेत. तो सप्टेंबर पाहिलेली फार थोडी माणसं आता उरली आहेत, आणि त्यातली बरीचशी तेव्हा लहान मुलं होती. किल्ला बघून झाल्यावर नळदुर्ग, जळकोट किंवा उमरग्यात चहाला थांबलात, तर एखाद्या आजोबांना विचारून बघा. हिंदू घरातल्या आजोबांना विचाराल, तसंच मुस्लिम घरातल्या आजींनाही.