आधी दात मोजा, मग दाम मोजा



बैल विकत घेताना आपण काय करतो? शिंगे पाहतो, वशिंड पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो आणि शेवटी तोंड उघडून दात मोजतो. दात मोजल्यावाचून रुमालाखाली हात घालणारा शेतकरी विरळाच. पण हाच शेतकरी आपल्या जुन्या जीपसाठी भंगारवाल्याकडे मागचा एक्सल आणायला गेला, की "जीपचाच आहे" एवढ्या शब्दावर पैसे मोजून मोकळा होतो. वास्तविक तिथेही दातच मोजायचे असतात. ते का आणि कसे मोजायचे, हे या वेळी सांगायचे आहे.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे याच घडणीच्या गाड्या गावोगाव पोचल्या. सीजे थ्री-बी, एमएम ५४०, कमांडर ही नावे खेड्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. त्यांतल्या कितीतरी गाड्या आजही दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले आणि वेळप्रसंगी दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस वाहतात. म्हणून मागच्या एक्सलचे काम हे नुसते गाडीचे काम नाही. त्यावर घरातली माणसे बसणार आहेत.

पहिला प्रश्न: एक्सल खरेच बदलायला हवा का?

मागून आवाज आला की मिस्त्री म्हणतो, "एक्सल गेला." थोडे थांबा आणि आवाज नीट ऐका. गाडी उचलताना किंवा वेग सोडताना 'टक्' असा एकच ठोका येत असेल, तर पुष्कळदा दोष प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. वेगाबरोबर वाढणारी, वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. ॲक्सिलरेटर दाबला की एका सुरात आणि सोडला की वेगळ्या सुरात रडणारा आवाज मात्र क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवतो. क्रॉस, बेअरिंग, ऑईल सील या गोष्टी थोड्या खर्चात बदलतात. क्राऊन-पिनियनही बदलता येते. पण ती जोडी कारखान्यात एकमेकींबरोबर घासून जुळवलेली असते. एका एक्सलची क्राऊन आणि दुसऱ्याची पिनियन असा संसार कधी लावू नका.

अख्खा एक्सल बदलायची वेळ येते ती हौसिंग वाकले, नळीला तडा गेला किंवा बेअरिंगची बैठकच झिजली तर. हौसिंग वाकले आहे का, हे घरी पाहता येते. मागच्या दोन्ही चाकांच्या रिममधले अंतर जमिनीपासून सारख्याच उंचीवर एकदा पुढच्या बाजूने आणि एकदा मागच्या बाजूने मोजा. मापात ठळक फरक आला आणि रिम वाकडी नसली, तर हौसिंगवर संशय घ्या.

आता दातांची गोष्ट

एक्सलच्या पोटात एक मोठे दातेरी चाक असते, त्याला क्राऊन म्हणतात. त्याला फिरवणारे लहान चाक म्हणजे पिनियन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जो आकडा येतो, त्याला गुणोत्तर म्हणतात. सीजे थ्री-बी जीपला क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे साधारण ५.३८. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. पुढच्या काळातल्या गाड्यांत इंजिनाप्रमाणे आणखी वेगळी गुणोत्तरे आली. बाहेरून एक्सल सारखाच दिसला, तरी आत दात वेगळे असू शकतात.

दात वेगळे निघाले तर काय बिघडते? गाडी दोनच चाकांवर ओढणारी असेल, तर फार नाही. आकडा लहान झाला तर ओढ कमी होते आणि वेग वाढतो. या जीपच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे तो खोटे बोलू लागतो. ५.३८ च्या जागी ४.८८ बसवला, तर काटा ४० दाखवेल तेव्हा गाडी ४४ ने पळत असेल.

पण गाडी फोर-व्हीलची असेल, तर खरा घोटाळा इथे आहे. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना पक्के जखडले जातात. दोघांनी सारख्याच फेऱ्या मारायच्या. आता पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल, तर मागची चाके ११ मीटर जाऊ पाहतात तेव्हा पुढची १० मीटरच जाऊ पाहतात. एका जुवाला एक चलाख आणि एक मंद बैल जुंपावा, तसा हा प्रकार. चिखलात चाके घसरून ती तफावत भरून काढतात आणि आपल्याला वाटते, सारे ठीक चालले आहे. कठीण जमिनीवर घसरायला वाव नसतो. मग ताण शाफ्टवर, क्रॉसवर आणि गिअरच्या दातांवर साठत जातो. दांडा अडकून बसतो, सुटता सुटत नाही, आणि शेवटी सगळ्यांत कमजोर असेल ते तुटते.

म्हणून नियम एकच. मागचा एक्सल आणायचा तर पुढच्याच गुणोत्तराचा आणा. नाहीतर पुढचाही त्याच गुणोत्तराचा करून घ्या. दोन्ही जमत नसेल, तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ठेवा, म्हणजे घरातले कोणी चुकून दांडा टाकणार नाही. चारही टायर एकाच मापाचे असावेत, हेही याच कारणाने.

झाकण न उघडता मोजणी

भंगारवाला झाकण उघडू देईलच असे नाही. मग असे करा. एक्सलचे एका बाजूचे ड्रम कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. दुसऱ्या बाजूचे ड्रम आणि पिनियनची फ्लँज, दोन्हींवर खडूने खूण करा. मोकळे ड्रम बरोबर २० फेरे फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. एकच बाजू फिरते तेव्हा क्राऊन निम्मे फेरे घेते, म्हणजे इथे १०. फ्लँजचे जवळजवळ ५४ फेरे झाले तर गुणोत्तर ५.३८; ४९ च्या आसपास झाले तर ४.८८. घरी पुढच्या एक्सलची मोजणी अशीच करून आकडा वहीत लिहून न्या. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील, तर ते आधी लॉक करा.

दातांखेरीज पाहायच्या गोष्टी

आधी आपल्या जीपखाली वाका. विलिज घडणीच्या फोर-व्हील जीपमध्ये ट्रान्सफर केसमधून निघणारा शाफ्ट मध्यावर नसतो, उजवीकडे असतो. म्हणून मागच्या एक्सलचा गोळाही उजवीकडे सरकलेला असतो. मध्यावर गोळा असलेला एक्सल इथे बसवला, तर शाफ्ट तिरका धावतो आणि क्रॉस लवकर जातात.

मग टेप घेऊन चाकापासून चाकापर्यंतची रुंदी, पाट्यांच्या बैठकांमधले अंतर आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ मोजा. या जीपचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर असतात.

एक्सल फुल-फ्लोटिंग आहे की सेमी-फ्लोटिंग, हेही विचारा. फुल-फ्लोटिंगमध्ये गाडीचे वजन नळीवर असते आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंगमध्ये वजनही शाफ्टवरच येते. तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक निखळून पडते. सीजे थ्री-बी चा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणून जुना घेताना शाफ्ट बाहेर काढून पाहा. निमुळत्या टोकाला, चावीच्या खाचेपाशी केसासारखी चीर दिसली, तर तो एक्सल फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पक्की पावती घ्या आणि गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवा. माल चोरीचा निघाला तर तीच पावती कामी येईल.

हँडब्रेकवर विश्वास ठेवू नका

हा मजकूर घरातल्या मुलांना वाचून दाखवा. विलिज घडणीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. मागचे एकच चाक जॅकवर उचलले, तर शाफ्ट जखडलेला असूनही उचललेले चाक उलटे फिरते, जमिनीवरचे चाक पुढे सरकते आणि जीप जॅकवरून घसरते. शाफ्ट सोडवला की तर मागच्या चाकांना हँडब्रेक उरतच नाही.

म्हणून काम सपाट, कठीण जागेवर करा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चासीखाली मजबूत लोखंडी घोड्या द्या. विटांची रास चालणार नाही, वीट वजनाखाली अचानक फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मिस्त्रीनेसुद्धा.

बसवताना

ड्रम काढायला पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर आतली बेअरिंग मार खातात. बसवताना निमुळत्या टोकावरची चावी शाबूत हवी, नट पूर्ण जोर लावून आवळलेला हवा आणि त्यात नवी कॉटर पिन हवी. हा नट ढिला राहिला की चावी झिजते, मग खाच, आणि शेवटी शाफ्ट.

पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागल्या, तर सारे डाग एका दमात मारू देऊ नका. नळी तापून वाकते. थोडे वेल्डिंग, थोडी विश्रांती, असे करावे. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावावी. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होते. पक्के वेल्डिंग करण्याआधी पिनियनची फ्लँज आणि ट्रान्सफर केसची फ्लँज एकमेकींना समांतर आहेत ना, हे गाडीचे वजन पाट्यांवर असताना पाहा. शाफ्टच्या दोन्ही टोकांची क्रॉसची कानशिले एका रेषेत हवीत. शाफ्टच्या सरकत्या जोडाला आत आणि बाहेर, दोन्हीकडे जागा हवी.

यू-बोल्ट नवे घ्या. ते आलटून पालटून कोपरे धरत आवळा आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळा.

एक्सलवरचा ब्रीदर म्हणजे हवा जायचे छोटे तोंड चिखलाने बुजलेले नसावे. ते बुजले की तापलेले ऑईल सीलमधून बाहेर पडून ब्रेकच्या लायनरवर जाते. गिअर ऑईल ईपी ९० दर्जाचे, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. ओढ्याच्या पाण्यातून वरचेवर जाणाऱ्यांनी ते अधूनमधून तपासावे. ऑईल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले, असे समजून बदला.

ब्रेकचे काम शेवटी येते, म्हणून ते घाईत उरकले जाते. तसे करू नका. नव्या एक्सलचे व्हील सिलिंडर जुन्याच मापाचे आहेत ना, ते पाहा. मागचे ब्रेक पुढच्यांहून आधी जखडू लागले, तर ओल्या रस्त्यावर गाडी गोल फिरते. ब्रेकमधली हवा काढून मोकळ्या रानात, सावकाश वेगात आठ-दहा वेळा ब्रेक दाबून बघा. मगच माणसे बसवा. फोर-व्हीलची चाचणी घ्यायची ती नांगरटीत किंवा वाळूत, डांबरी रस्त्यावर नव्हे.

कायद्याची बाजू

त्याच जातीचा एक्सल त्याच जागी बसवणे ही दुरुस्ती झाली. पण नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. तसा बदल मनाने करू नये, आधी आरटीओत विचारावे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते, हेही ध्यानात असू द्या.

हे काम मृगाच्या आधी, उन्हाळ्यात घ्या. पेरणीच्या दिवसांत गाडी अडली की मिस्त्री सांगेल तो माल आणि मागेल ते पैसे, अशी गत होते. निवांत वेळी वही, टेप आणि खडू घेऊन बाजारात गेलात, तर फसगतीची भीती निम्मी कमी झाली. भंगारवाल्याने "जीपचाच आहे" असे म्हटले, तर त्याला हसून सांगा, "असेल दादा, पण जरा हे ड्रम धरता का? वीस फेरे मोजायचे आहेत."